यादवी आपली, उपद्रव त्यांचा

करोल बागेत आम्हां मराठी मंडळींचा जो लहानसा गणेशोत्सव होतो, त्यात एक सायंकाळ इतिहासासाठी राखून ठेवलेली असते. आरती, प्रसाद आणि मुलांच्या नाटुकल्या यांच्या गर्दीतही हा परिपाठ टिकून आहे याचा मला अभिमान वाटतो. आणि तो वाटतो म्हणूनच पुढील चार कटु शब्द लिहिण्याचा अधिकार मी घेत आहे. यंदाचा विषय होता ‘मराठी राज्याचा अस्त’. वक्ते व्यासंगी होते, वाणी रसाळ होती. शिंदे-होळकरांच्या वैराची कथा त्यांनी अशा काही तन्मयतेने सांगितली की, विठोजी होळकरांच्या देहान्ताच्या प्रसंगी पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्यांनी डोळ्यांना उपरणी लावली. “या यादवीने मराठ्यांचे राज्य गेले,” असे म्हणून त्यांनी समारोप केला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटच्या रांगेत माझा एक मित्र बसला होता. नंदुरबार जिल्ह्यातला, जातीने भिल्ल, माझ्यासारखाच केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात टेबलाशी बांधलेला. तो उभा राहिला आणि त्याने अतिशय अदबीने विचारले, “सर, या यादवीत खानदेशातल्या भिल्लांचे काय झाले?” वक्ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “भिल्लांचा उपद्रव हा निराळा विषय आहे. राज्याच्या अस्ताशी त्याचा तसा संबंध नाही.” थोडासा हशा पिकला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, आभार मानले गेले आणि सभेचे सूप वाजले. परतताना रस्त्यात तो माझ्याशी एवढेच बोलला : “भाऊ, ते ज्याला उपद्रव म्हणाले ना, ते माझे घर होते.” मी काही समजुतीचे बोलू लागलो, तेव्हा त्याने हसून म्हटले, “राहू द्या.”

त्याने राहू दिले. मला मात्र राहू देता येत नाही. कारण त्याचा प्रश्न निराळा नव्हता. तोच त्या संध्याकाळचा खरा प्रश्न होता, आणि आपण सर्वांनी मिळून तो हशावारी नेला.

वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य माझ्याप्रमाणेच फायलींत चालले आहे, म्हणून आपल्याच धंद्यातील एक दृष्टान्त घेतो. कोणतेही प्रकरण हाती आले की आपण प्रथम काय पाहतो? मागील कागद. पहिला कागद गहाळ असलेल्या फायलीवर टिपण लिहिणे म्हणजे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. दुसऱ्या कागदापासून वाचायला आरंभ केला, तर ज्याचे नुकसान झाले तोच तक्रारखोर दिसतो आणि ज्याला घराबाहेर काढले तोच अतिक्रमण करणारा ठरतो. माझा आरोप असा आहे की, खानदेशातील भिल्लांच्या बाबतीत मराठी इतिहासलेखनाने गेली दोनशे वर्षे दुसऱ्या कागदापासून टिपणे लिहिली आहेत. पहिला कागद आपल्याच दप्तरात आहे. आपण तो उघडत नाही, इतकेच.

तो उघडून पाहू.

१७९७ साली तुकोजी होळकर वारले आणि वारशाचा तंटा पेटला. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने त्याच वर्षी पुण्यात मल्हारराव होळकरांना ठार केले. १८०१ साली विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले. त्याच वर्षी यशवंतरावांनी उज्जैनीस शिंद्यांची फौज बुडवली आणि शिंद्यांच्या फौजेने सूड म्हणून इंदूर लुटले. १८०२ मध्ये यशवंतराव दक्षिणेकडे वळले, २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ लढाई झाली, बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईस त्यांनी इंग्रजांशी तह केला. पुढे असई, अडगाव, सुर्जी-अंजनगाव. हे सर्व आपल्याला तोंडपाठ आहे. शाळेत आपण त्यावर गुण मिळवले आहेत.

आता नकाशा पाहा. उज्जैन-इंदुराकडून पुण्याकडे यायचे तर नर्मदा ओलांडून सातपुडा उतरावा लागतो आणि तापीच्या खोऱ्यात यावे लागते. हे खोरे म्हणजे खानदेश. ज्या यादवीचा आरंभ आपण इंदुरात सांगतो आणि शेवट पुण्यात सांगतो, तिचा मधला सारा रस्ता खानदेशच्या उभ्या पिकांतून गेला. १८०२ साली होळकरांच्या फौजेने हा प्रांत उजाड केला. त्या काळची फौज म्हणजे केवळ शिपाई नव्हेत. तिच्यामागे घोडी, बैल, बुणगे, पेंढारी यांचे एक चालते शहर असे, आणि ते शहर वाटेतल्या गावांवर जगे. वैरण गेली, बी-बियाणे गेले, बैल गेले. पेरणी राहिली आणि १८०३-०४ मध्ये भयंकर दुष्काळ पडला. जमाबंदीच्या कागदांत ‘बेचिराग’ असा एक शब्द आहे. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. त्या दोन-तीन वर्षांत खानदेशात किती दिवे विझले असतील याची कल्पना या एका शब्दावरून करावी.

या गावांत भिल्ल कोण होता? येथेच पहिला कागद आहे. सपाटीवरच्या गावांत भिल्ल हा जागल्या होता. रात्रीची राखण त्याची, चोराचा माग काढणे त्याचे, वाटसरूला गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवणे त्याचे. त्याबद्दल खळ्यावर धान्याचा ठरीव वाटा त्याला मिळे. डोंगरातले नाईक घाटवाटा राखत आणि त्याबद्दल त्यांचेही हक्क ठरलेले होते. ही व्यवस्था न्यायाची होती असे मी म्हणत नाही. तळाच्या माणसाला तळाशीच ठेवणारी ती व्यवस्था होती. परंतु ती व्यवस्था होती. गाव नांदत होते तोवर जागल्याची चूल पेटत होती.

गाव बेचिराग झाल्यावर राखण कशाची करायची? खळेच नाही तर वाटा कुठला? कुणबी गाव सोडून दुसऱ्या मुलखात गेला. त्याचे नातेसंबंध दूरवर होते. भिल्लाला जायला एकच जागा होती, डोंगर. तो डोंगरात गेला. डोंगरातही दुष्काळच होता. मग तो खाली उतरला तो हातात तीरकामठा घेऊन. दुसरा कागद येथून सुरू होतो, आणि आपले इतिहासकार येथून वाचायला घेतात : ‘या सुमारास खानदेशात भिल्लांचा उपद्रव वाढला.’

उपद्रव वाढला हे खरे आहे. गावे लुटली गेली, निरपराध माणसे मेली, ज्या कुणब्याचे होळकरी फौजेने घेतले त्याचेच उरलेले भिल्लाने घेतले, हेही खरे. भिल्ल देवदूत होते असा माझा पक्ष नाही. माझे म्हणणे एवढेच की, याच काळात याच मुलखात जे दुसरे लुटणारे होते, त्यांच्या लुटीला आपल्या भाषेत निराळे शब्द आहेत. सरदाराने लुटले तर ती ‘मुलूखगिरी’. वसूल न देणाऱ्या गावातून बैल सोडवून नेले तर ती ‘जप्ती’. इजारदाराने रयतेच्या अंगावरचे वस्त्र काढून घेतले तर तो ‘वसूल’. आणि उपाशी जागल्याने कणगी फोडली तर तो मात्र ‘दरोडा’. शब्दांची ही वाटणी ज्याने केली, त्याने निम्मा इतिहास लिहूनच टाकला.

आता तिसरा कागद. बंदोबस्ताचा. पेशव्यांचे खानदेशचे सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनी १८०४ साली, मनोहरगीर गोसावी नावाच्या आपल्या एका सरदाराच्या सल्ल्याने, डोंगरातल्या भिल्लांना कोपरगावास बोलावले. बोलावणे सलोख्याचे होते. भिल्ल आले. त्यांना पकडून दोन विहिरींत लोटण्यात आले. इंग्रजी अमदानीत तयार झालेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरात हा आकडा सात हजार दिला आहे. पुढे १८०६ मध्ये पुन्हा कत्तल झाली. मग हे काम त्रिंबकजी डेंगळ्यांकडे आले आणि त्यांच्या वतीने एका पाटलाच्या हाताखालील फौजेने गोदाकाठची गंगथडी ‘साफ’ केली. पंधरा महिन्यांत पंधरा हजार माणसे मारली गेली असे सांगत, अशी नोंद त्याच ग्रंथात आहे. अंतूरच्या किल्ल्यावरून भिल्लांचा कडेलोट होत असे, हे खानदेशच्या गॅझेटियरात आहे.

यात कोणा एका जातीला पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही, आणि कोणी तसा करू पाहील तर तो या दुःखाचा धंदा करील. हुकूम देणारा सरसुभेदार होता, मसलत देणारा गोसावी होता, तलवार चालवणारा पाटील होता आणि पाहणारे सर्व आपण होतो. राज्यव्यवस्थेच्या सगळ्या पायऱ्या त्यात हजर होत्या.

येथे माझे विद्वान वाचक मला थांबवतील. त्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. त्या रात्री घरी जाताना ते मीच माझ्याशी घेत होतो.

पहिला आक्षेप : हा पुरावा इंग्रजांचा आहे. आपल्या राज्याचे समर्थन करण्यासाठी आधीच्या राज्याला काळे फासणे हे त्यांचे ठरलेले काम होते. आक्षेप रास्त आहे. इंग्रजाने आधीचा अंधार दाट रंगवला, म्हणजे त्याची पणती मोठी दिसते. त्याने स्वतः काय केले तेही येथेच सांगून टाकावे. १८१८ साली खानदेश त्यांच्या हाती आला, कॅप्टन ब्रिग्ज हे तेथे अंमलदार झाले, आणि प्रथम त्यांनीही पलटणीच पाठवल्या. डोंगर पलटणींना आटोपेना, तेव्हा जागल्यांचे हक्क परत देणे, नाइकांना नेमणुका देणे हे सुरू झाले, आणि १८२५ मध्ये एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत औट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभी राहिली. पुढे १८७८ च्या कायद्याने जंगल सरकारी झाले आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. इंग्रज सोवळा नव्हता. परंतु मी विचारतो, असईच्या लढाईचे तपशील आपण कोणाच्या कागदांवरून सांगतो? यशवंतरावांच्या पराक्रमाची इंग्रजांनी दिलेली ग्वाही आपण किती हौसेने उद्धृत करतो! गौरवाचा पुरावा इंग्रजाचा असला तरी चालतो, लाजेचा मात्र चालत नाही, हा कोणत्या न्यायशास्त्राचा नियम?

शिवाय आकड्यांविषयी मीही साशंक आहे. दोन विहिरींत सात हजार माणसे मावत नाहीत, हे सांगायला इतिहासकार कशाला, साधा हिशेबनीस पुरे. तेव्हा घ्या, एक शून्य काढून टाका. सातशे उरतात. आणखी एक काढा, सत्तर. सलोख्याचे निमंत्रण देऊन आणलेली सत्तर माणसे विहिरीत लोटली, असे म्हणू. आता सांगा, त्या सत्तरांसाठी आपल्या ‘मराठी राज्याचा अस्त’ या विषयात एक वाक्य आहे काय? विठोजी होळकरांच्या एका देहान्ताला डोळ्यांची उपरणी भिजतात, आणि ती भिजावीत. मग या सत्तरांच्या वाट्याला हशा का येतो?

दुसरा आक्षेप : भिल्ल हे पूर्वापार लुटारूच होते, यादवीचे निमित्त झाले एवढेच. ज्यांना असे वाटते त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. पिढ्यान् पिढ्या गावाची राखण तुम्ही कोणाच्या हाती दिली होती? वंशपरंपरेने चोर असलेल्या माणसाला वंशपरंपरेने राखणदार नेमणारे आपले पूर्वज इतके मूर्ख होते काय? आणि आणखी पाहा. यशवंतराव जेव्हा शिंद्यांच्या भीतीने रानोमाळ भटकत होते, तेव्हा त्यांच्या पडत्या काळातील सोबत्यांत भिल्ल होते. गंगथडी ‘साफ’ करवणारे त्रिंबकजी १८१६ साली ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले, तेव्हा इंग्रजांविरुद्ध माणसे जमवायला ते ज्यांच्याकडे गेले, त्यांत भिल्लही होते. म्हणजे आपल्या गरजेच्या वेळी ते शूर आणि इमानी. आपली गरज सरली की उपद्रवी! यशवंतराव आणि त्रिंबकजी या दोघांवरही ना. सं. इनामदारांनी कादंबऱ्या लिहिल्या, त्या आपण ‘झुंज’ आणि ‘झेप’ या नावांनी आवडीने वाचल्या. कादंबरीकाराला आपला नायक निवडण्याचा हक्क आहे. त्यात त्यांचा दोष नाही. दोष वाचकांचा, की नायकाची पाठ वळल्यावर त्याच रस्त्याने चाललेला तिसरा माणूस आपल्याला कधी दिसला नाही.

आणि हा तिसरा माणूस केवळ आपल्याच इतिहासात नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला चेरोकी नावाचे एक लोक आहेत. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी हे एक राष्ट्र. त्यांची कथा येथे सांगण्याचे कारण असे की, तीत नेमका तोच गहाळ झालेला पहिला कागद आहे. फरक एवढाच की, त्यांनी तो शोधून लावला.

१८३८-३९ मध्ये अमेरिकन सरकारने या लोकांना जॉर्जिया आणि आसपासच्या मुलखातून हुसकावून मिसिसिपीच्या पलीकडे, आज जेथे ओक्लाहोमा राज्य आहे तेथे नेले. निघालेल्या सुमारे सोळा हजारांपैकी सुमारे चार हजार दगावले. या स्थलांतराच्या करारावर ज्या थोड्या पुढाऱ्यांनी सही केली होती, त्यांपैकी तिघांचा १८३९ साली स्वकीयांनीच वध केला. तेव्हा जो वाचला त्याचे नाव स्टँड वेटी. दुसऱ्या बाजूला राष्ट्राचे प्रमुख होते जॉन रॉस. दोन पक्षांतील ही जखम कशीबशी भरत आली होती, तोच १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असे यादवी युद्ध पेटले. भांडण गोऱ्यांचे. रॉस यांनी तटस्थता जाहीर केली. परंतु करारान्वये ज्यांनी संरक्षण करायचे त्या उत्तरेच्या सरकारने त्या प्रदेशातील किल्ल्यांतून आपले शिपाई काढून घेतले होते. तीन बाजूंनी दक्षिणेची फळी. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात चेरोकींनी दक्षिणेशी करार केला. पुढे १८६३ मध्ये रॉस यांच्या पक्षाने तो करार मोडला आणि गुलामगिरीही रद्द केली. वेटी दक्षिणेकडेच राहिले. जुनी जखम उसवली. चेरोकींनी चेरोकींची गावे जाळली. त्यांची राजधानी ताहलेक्वा येथील सभागृह वेटींच्या माणसांनी जाळले. २३ जून १८६५ रोजी वेटी शरण आले. दक्षिणेच्या सेनापतींपैकी ते शेवटचे. लोकसंख्या हजारोंनी घटली होती, घरोघरी विधवा आणि पोरकी मुले होती, गुरे दोन्ही फौजांनी नेली होती.

आणि मग निवाडा झाला. १८६६ चा तह. तो ज्यांनी दक्षिणेची बाजू घेतली त्यांच्यापुरता नव्हता. उत्तरेकडून लढलेल्या चेरोकींनाही तो लागू झाला. जमिनीचे मोठे तुकडे गेले, मुलखातून रेल्वेला वाट द्यावी लागली. कारण काय, तर ‘तुम्ही शत्रूशी करार केला’. शिपाई आधी कोणी काढून घेतले होते, हा पहिला कागद निवाड्याच्या वेळी टेबलावर नव्हता. जागल्याचा वाटा कोणी बुडवला हा कागद कोपरगावास टेबलावर नव्हता, तसाच.

चेरोकीही निष्पाप नव्हते. त्यांच्यातील धनवानांनी काळे गुलाम बाळगले होते, आणि त्या गुलामांच्या वंशजांचा न्याय हे पुढे फार लांबलेले प्रकरण झाले. भिल्ल आणि चेरोकी यांच्यात भेदही पुष्कळ आहेत. पण सर्वांत मोठा भेद मला असा दिसतो : चेरोकींजवळ लिपी होती. सिक्वोया नावाच्या त्यांच्यातीलच एका माणसाने १८२१ च्या सुमारास ती तयार केली, आणि १८२८ पासून त्यांचे स्वतःचे वृत्तपत्र निघू लागले. म्हणून युद्धाने त्यांचे काय झाले हे त्यांच्या स्वतःच्या पत्रांत, अर्जांत, ठरावांत सापडते. खानदेशच्या भिल्लाजवळ गाणे होते, कथा होती, स्मरण होते, कागद नव्हता. त्याचा कागद आपण लिहिला. ज्याने मारले त्याच्या वहीत मेलेल्याची नोंद आहे, आणि ती ‘बंदोबस्त खर्च’ या सदराखाली आहे. म्हणूनच आपली जबाबदारी अमेरिकन इतिहासकाराहून कमी नाही, अधिक आहे. तो चुकला तर चेरोकी त्याला दुरुस्त करील. आपण चुकलो तर दुरुस्त करणारा शेवटच्या रांगेत उभा राहतो आणि आपण हसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य आहे, म्हणून सर्वांत धोक्याचा. तो असा की, घरापासून इतक्या दूर, परक्यांच्या शहरात, आपण आपली लक्तरे का टांगावीत? येथे तर आपण मराठी म्हणून ताठ मानेने उभे राहिले पाहिजे. महादजींनी बादशहाला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवले ती ही दिल्ली. तिच्यात विहिरींच्या गोष्टी कशाला?

मला उलट वाटते. याच शहराने मला तो प्रश्न ऐकायला शिकवले. आपण ज्या करोल बागेत राहतो ती वस्ती कशी झाली? कनॉट प्लेस उठवायचे ठरले, तेव्हा माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार या गावांतील माणसांना १९२० च्या दशकात तेथून उठवून या खडकाळ माळावर आणण्यात आले. १९४७ मध्ये येथले कितीतरी मुसलमान रहिवासी घरे सोडून गेले आणि पश्चिम पंजाबातून उखडलेली कुटुंबे येथे आली. माझे घरमालक त्यांच्यापैकीच एका कुटुंबातले. त्यांचे वडील अखेरपर्यंत लायलपूरच्या घराची किल्ली उशाशी ठेवून झोपत. फाळणी कोणी मागितली, कोणी दिली, तिचे डावपेच काय होते, यावर कपाटे भरतील इतकी पुस्तके आहेत. त्या किल्लीचे पुस्तक कमी जणांनी लिहिले. दुसऱ्यांच्या निर्णयाने घर गेलेल्यांच्या वस्तीत राहून, दुसऱ्यांच्या यादवीने घर गेलेल्यांना आपण ‘निराळा विषय’ म्हणायचे? दिल्लीत राहून आपण एवढेही शिकणार नसू, तर बदलीचा भत्ता तेवढा आपण घेतला, बदली झालीच नाही.

आणि दिल्लीचे म्हणाल, तर १८०३ च्या सप्टेंबरात यमुनेपलीकडे पटपडगंजला शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन दिल्ली गेली, त्याच सुमारास खानदेशात दुष्काळाची पहिली झळ लागत होती. एकाच यादवीची ही दोन फळे. एक आपण दरवर्षी हळहळत आठवतो. दुसरे आपल्याला सांगितले तरी ऐकू येत नाही.

कोणी म्हणेल, दोनशे वर्षांपूर्वीचे हे प्रेत आज उकरून काय साधणार? साधणार हे की, आपण अधिकारी आहोत. टिपणे लिहिण्याची सवय इतिहासापुरती राहत नाही. जंगलात पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या आदिवासीला आपल्याच कार्यालयांनी अनेक दशके ‘अतिक्रमक’ लिहिले. जंगल सरकारी केव्हा झाले आणि तो तेथे केव्हापासून आहे, हा पहिला कागद कोणी मागवला नाही. अखेर २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला आणि त्याच्या उद्देशिकेतच मान्य केले की, या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. म्हणजे सार्वभौम संसदेने पहिला कागद फायलीत परत लावला. जे संसदेला जमले ते आमच्या व्याख्यानमालेला का जमू नये?

माझे मागणे थोडके आहे. एक : यापुढे मराठी राज्याच्या अखेरीवर जो कोणी आपल्या व्यासपीठावरून बोलेल, त्याने पुण्याइतकाच वेळ तापीच्या खोऱ्याला द्यावा. दोन : पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत. आपल्यात मोडी वाचणारे काही निवृत्त गृहस्थ अजून आहेत. सणावारी हातांना चाळा म्हणून पत्ते पिसण्याऐवजी त्यांनी खानदेशच्या सुभ्याचे कागद हाती घ्यावेत. इंग्रजाचा आकडा खोटा असेल तर तो आपल्या कागदांनी खोटा ठरावा, आपल्या हशाने नव्हे. तीन : ‘उपद्रव’ हा शब्द लिहिताना त्याच्या आधीचे वाक्य लिहिल्याखेरीज तो लिहू नये. आणि चौथे : पुढील वर्षी ती सायंकाळ माझ्या त्या मित्राला द्यावी.

हे चौथे मागणे मी मंडळाच्या सभेत तोंडी मांडले, तेव्हा एक सन्माननीय सभासद म्हणाले, “पण तो काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे.” खरे आहे. तो आपल्यासारखाच कारकून आहे. परंतु तो प्रश्न विचारणारा त्या सभेतला एकटाच होता, आणि माझ्या मते इतिहासाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो. मंडळाने अजून उत्तर दिलेले नाही. हा अर्ज मी आता वाचकांपुढे ठेवतो. त्यावर ‘निराळा विषय’ असा शेरा मारून तो परत पाठवू नये, एवढीच विनंती.